सहाशे चौदा झाडांची भिंत

उंबरझिऱ्यात भिंतीवर काही लिहायचं निघालं की एस्तेरला बोलावणं यायचं. नवापूर तालुक्याच्या गुजरातकडच्या डोंगरात साठेक घरांचं हे गाव. आसपासच्या दहा-बारा गावांत रंगारी म्हणून ही एकटीच बाई. हात बापाचा, दानियलचा. त्याने चर्चच्या पाट्या रंगवल्या, एस.टी.च्या थांब्यांवर गावांची नावं घातली. त्याच्यामागे एस्तेरने शाळांवर पाढे लिहिले, दवाखान्यावर लसीचे वार लिहिले, ग्रामपंचायत सांगेल ती घोषणा लिहिली. घरात मावची बोलायची, भिंतीवर पुस्तकी मराठी लिहायची. "मी लिहिते त्यातलं निम्मं कधी तोंडाने बोललेच नाही," असं ती हसून सांगायची. पण अक्षर असं ठसठशीत की धावत्या जीपमधूनही वाचता यावं.

२०२५ सालच्या मार्चमध्ये, सत्तावीस तारखेच्या गुरुवारी, गावामागचा डोंगर पेटला. निम्मं गाव ऊसतोडीवरून अजून परतलं नव्हतं. उरलेले लोक मोह वेचून येऊन जेवायला बसले होते, तेवढ्यात धूर दिसला. पश्चिमेचा वारा सुटलेला. लोक हिरव्या फांद्या तोडून धावले, झोडपून झोडपून हात सोलले. आग दोन दिवस हटली नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती नाल्याच्या ओल्या पट्ट्यापाशी येऊन विझली, तोवर सव्वाशे हेक्टर जंगल काळं पडलं होतं. पंधरा वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून सामूहिक वनहक्कात मिळवलेलं जंगल ते. त्यात साग होता, सादडा होता, बिडीच्या पानांचं टेमरू होतं, आणि प्रत्येक घराची वाटून घेतलेली मोहाची झाडं होती. एस्तेरची दोन होती. आईकडून आलेली.

ती आग विझवताना सगळ्यांत पुढे होता होळ्या. साठीचा माणूस, एस्तेरचा शेजारी. शुक्रवारी त्याला खाटेवर घालूनच खाली आणला, दोन्ही पायांचे तळवे भाजून सोलले होते.

आठ दिवसांनी वनखात्याची नोटीस आली. समाजमंदिरासमोर गाव जमलं आणि वाचायचं काम अर्थातच एस्तेरकडे आलं. तिने सरळ वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर थांबून होळ्याकडे बघितलं. पंचनाम्यात लिहिलं होतं की आग डोंगराच्या पायथ्याशी, होळ्या वेस्ता गावित यांच्या मोहाच्या झाडांखाली पालापाचोळा जाळल्याने लागल्याचं दिसून येतं. होळ्यावर वनगुन्हा दाखल झाला होता. गावाच्या समितीने जंगल नीट राखलं नाही, म्हणून मोह, टेमरूची पानं आणि बांबू गोळा करण्याचे हक्क का थांबवू नयेत, याचा खुलासा तीस दिवसांत मागितला होता. आणि शेवटी, जळालेली मृत झाडं तोडून जागा मोकळी करण्यात येईल, असं होतं.

एकदम सगळे बोलायला लागले. साहेब लोक खोटं लिहितात म्हणून एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, खोटं कशावरून, पाला जाळतातच ना सगळे.

होळ्या खाटेवर पाय लांब करून बसला होता. त्याची बायको गंगीबाई पदराने त्याच्या पायावरच्या माशा वारत होती.

"पाला मी जाळला होता," होळ्या म्हणाला. "रविवारी. फुलं दिसावीत म्हणून सगळेच जाळतात. विझवला होता. पाणी टाकलं होतं." मग जरा थांबून म्हणाला, "टाकलं होतं असं मला वाटतं. आता माझं मलाच कळेनासं झालंय. चार दिवस राखेत निखारा राहिला असेल तर?"

गंगीबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण बोलून झालं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून गावातले काही लोक त्यांच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर एस्तेरलाही होळ्याचा राग आला होता. हा माणूस आपल्या जंगलासाठी पाय भाजून घेतो, आणि कदाचित यानेच ते पेटवलंय, या दोन गोष्टी तिच्या मनात एका जागी बसेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपले दोन मोह बघायला गेली. पाय टाकेल तिथे राख उडत होती. पाखरू नाही, किडा नाही. तिच्या एका मोहाची साल कमरेपर्यंत काळी पडली होती. ती बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली आणि मग झाडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली. पलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला, काळं तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं.

खांब रंगवणाऱ्या माणसाला सवय असते. एका बाजूने रंग कुठवर आला ते डोळ्यात धरून तो दुसऱ्या बाजूला जातो. एस्तेरला ते काळं चुकल्यासारखं दिसलं. कुणीतरी खांबाचा पट्टा तिरका मारावा तसं. तिने शेजारच्या सादड्याला वळसा घातला. तिथेही तेच. वरच्या अंगाला गुडघ्यापर्यंत, खालच्या अंगाला छातीवर. मग ती झाडामागून झाड बघत सुटली. दुपार होईपर्यंत तिने चाळीसेक झाडं पाहिली. पिशवीत जुन्या कॅलेंडरचं पान होतं, त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने जळक्या काटकीच्या कोळशाने एकेक झाड काढलं. बुंधा म्हणून एक उभी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना काळं जिथवर चढलं होतं तिथवर फराटा. सगळी झाडं एकाच बाजूला घागरा उडालेल्या बायकांसारखी दिसत होती.

रविवारी ती ते पान घेऊन नवापूरला गेली. बाजारात हस्तीमलशेठचं रंगांचं दुकान होतं. बापाच्या वेळेपासून ब्रश तिथलेच. रविवारी गल्ल्यावर शेठची सून फाल्गुनी बसायची. इतर दिवशी ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने पान काउंटरवर पसरून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

"एस्तेरबेन, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दिसलं."

फाल्गुनीने दुकानातला पाइपचा तुकडा उभा धरला आणि दुसऱ्या हाताने वारा दाखवला. "आग वाऱ्याबरोबर येते ना, ती झाडाच्या तोंडावर फार चढत नाही. बाजूने वळसा घेते आणि पाठीमागे जाऊन उंच चढते. पाण्यात खांब असला की मागे भोवरा होतो, तसं. म्हणजे काळं ज्या अंगाला कमी, त्या अंगाने आग आली. जंगलाच्या आगीचा शोध घेणारे लोक हेच बघतात."

एस्तेरने पानाकडे बघितलं. "म्हणजे आग वरून आली. होळ्याचे मोह तर तळाला आहेत."

"थांबा," फाल्गुनी म्हणाली. "चाळीस झाडांवरून असं म्हणता येत नाही. वारा फिरतो, नाल्यात आग उलटीही वळते. म्हणायचं असेल तर नीट मोजायला हवं. ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या अंतरावर, जे झाड येईल ते. आपल्याला हवं ते झाड निवडायचं नाही. आणि आणखी एक. मोजल्यावर आग होळ्याच्या मोहाखालूनच निघाली असं दिसलं, तर काय कराल?"

एस्तेरने पानाची घडी केली. बाहेर गुजरातची बस हॉर्न वाजवत होती.

"तर तसंच रंगवू," ती म्हणाली.

"रंगवू?"

"कागद साहेबांच्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो. माझं काम भिंतीवर असतं. सगळ्यांना दिसतं."

परत आल्यावर ती आधी होळ्याच्या घरी गेली. त्याला न विचारता हे सुरू करणं तिला बरं वाटलं नाही. तिने सगळं समजावून सांगितलं, पाइपचं आणि भोवऱ्याचंही. गंगीबाई ऐकता ऐकता चिडली.

"आणि उलटं निघालं तर? साहेबाने एक कागद लिहिला, तुम्ही सगळ्या गावाच्या भिंतीवर लिहाल की माझ्या माणसाने डोंगर जाळला?"

उत्तर होळ्याने दिलं. "मोजा. मी रोज पडल्या पडल्या तेच करतोय, पाणी टाकलं की नाही ते आठवतोय. झाडांना माहीत असेल तर सांगू दे त्यांना."

गंगीबाई उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं मोजायला जमलेल्या लोकांत मात्र ती सगळ्यांत पुढे उभी होती.

पहिल्या दिवशी नऊ जण आले, चौथ्या दिवशी तीस झाले. ऊसतोडीवरून परतलेली घरंही येऊन मिळाली. फाल्गुनीने नकाशावर डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत आठ रेषा आखून दिल्या होत्या. रेषेवर वीस वीस पावलं चालायचं, थांबायचं आणि सगळ्यांत जवळचं मांडीएवढं जाड झाड घ्यायचं. बांबूच्या काठीवर एस्तेरने वितीविताच्या खुणा केल्या होत्या. एकाने काठी धरायची, दुसऱ्याने वरच्या अंगाचं काळं वाचायचं, तिसऱ्याने खालच्या अंगाचं, चौथ्याने वहीत लिहायचं. मग एस्तेरने चुन्याने झाडावर नंबर घालायचा. झाडाची साल खालून हिरवी आहे का, तेही नखाने खरवडून बघायचं. साहेबांनी मृत म्हटलेली झाडं खरंच किती मेलीत, ते गावाला कळायला हवं होतं.

कामात भांडणं झाली. नानीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला लिहिता येत नव्हतं, पण तिच्याइतकं बारीक कुणाला दिसत नव्हतं. दुसऱ्यांनी वाचलेलं ती पुन्हा वाचायला लावायची. कुणी कंटाळून दोन झाडं अंदाजाने लिहिली, तर त्या गड्याला तिने अख्खा चढ परत चढायला लावला. अकरा दिवसांत सहाशे चौदा झाडं झाली.

रंगवायचं काम त्याबरोबरच चाललं होतं. समाजमंदिराची मागची भिंत चाळीस फूट लांब, डोंगराकडे तोंड करून उभी. एस्तेरने ती पांढरी करून घेतली आणि तिच्यावर डोंगर काढला. तळाला नाला, वर माथ्यावरून जाणारा घाटरस्ता. काळा रंग तिने दुकानातून आणला नाही. जंगलातलाच कोळसा कुटला, वस्त्रगाळ केला आणि धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात कालवला. दुपारी डोंगरावरून उतरलेले लोक थेट भिंतीपाशी यायचे. ज्याने झाड मोजलं त्यानेच ते काढायचं, असा तिने नियम केला होता. रेघ वाकडी व्हायची. "वाकडी चालेल," एस्तेर म्हणायची, "काळं मात्र वहीत आहे तिथवरच न्यायचं. त्याच्या वर नाही, खाली नाही." झाड काढून झालं की आग जिकडून आली तिकडे एक छोटी गेरूची रेघ ओढायची.

पहिले चार दिवस भिंतीवर नुसता गोंधळ दिसत होता. पायथ्याच्या नाल्यात गेरूच्या रेघा कशाही फिरल्या होत्या. लोक येऊन बघायचे आणि मान हलवून जायचे. पाचव्या दिवशी होळ्याच्या मोहांची पाळी आली. त्याचे पाचही मोह आठांपैकी एका रेषेच्या अगदी जवळ होते. गंगीबाईने काठी स्वतः धरली.

मोहांचं काळं जेमतेम वीतभर होतं. भोवतालची झाडं छातीपर्यंत जळलेली आणि मधले हे पाच मोह जवळजवळ कोरे. नानीबाईने खाली वाकून जमीन चाचपली. "इथे जळायला काही नव्हतंच," ती म्हणाली. "पाला आधीच जळून गेला होता, रविवारी. आग आली, तिला काही मिळालं नाही, ती बाजूने निघून गेली."

संध्याकाळी ती झाडं भिंतीवर चढली तेव्हा सगळ्यांना ते नीट दिसलं. गेरूच्या रेघा वरून येत होत्या, मोहांपाशी दोन्हीकडे फाटत होत्या आणि खाली पुन्हा एक होत होत्या. आग तिथून निघाली असती तर रेघा त्या जागेकडे तोंड करून उभ्या राहिल्या असत्या. गंगीबाईने ते बोटाने दोनदा चाचपून पाहिलं, मग घरी जाऊन होळ्याला खाटेसकट उचलवून आणलं. तो भिंतीकडे बघत राहिला. रडला नाही. "पाणी टाकलं होतं मग," एवढंच म्हणाला.

पुढच्या सहा दिवसांत रेघा वर वर सरकत गेल्या आणि जशा वर गेल्या तशा एकमेकींच्या जवळ आल्या. माथ्यावर, घाटरस्त्याच्या एका वळणापाशी, त्या सगळ्या एका ताटाएवढ्या जागेत जमल्या. लोक डोंगरावर त्या वळणापाशी गेले. वळणाच्या खालच्या अंगाला तीन मोठे दगड चुलीसारखे मांडलेले, त्यांच्यात अर्धवट जळलेले ओंडके, आणि खडकावर ओघळून घट्ट झालेलं डांबर. मार्चमध्ये त्या रस्त्याचं काम चाललं होतं. आगीच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं सामान घेऊन निघून गेली होती. पंचनामा करायला आलेले लोक पायथ्यापाशी गाडीतून उतरले, एवढ्या वर कुणी चढलंच नव्हतं. एस्तेरने भिंतीवरची ती जागा मोकळी ठेवली.

गावाने खुलासा लिहिला, वहीची नक्कल जोडली, भिंतीचे फोटो जोडले. उत्तर आलं नाही. आला तो इंद्रसिंग, बीटचा वनरक्षक. नंदुरबारजवळच्या धानोऱ्याचा गडी, बोलणं अहिराणी. मोटारसायकलवर मागे चुन्याचा डबा बांधलेला.

"बाई, उद्या नंदुरबारथून मोठा साहेब येणार शेतस," तो एस्तेरला म्हणाला. "आमना साहेबनी सांगेल शे, त्याना पहिले ही भीत पुसनी शे."

"का?"

"मन्हा हातमा काय शे? त्यासनी सांगं आन मी चुना लई उनू."

एस्तेर शिडीवर होती. ती खाली उतरली आणि त्याच्या हातातून डबा घेऊन भिंतीपाशी ठेवला. "पाणी घ्या आधी," ती म्हणाली. इंद्रसिंग पाणी प्यायला. तोवर मागच्या घरांतून बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"भिंत समाजमंदिराची आहे," एस्तेर म्हणाली. "समाजमंदिर गावाचं आहे. तुमच्या साहेबांना पुसायची असेल तर त्यांनी ग्रामसभेत यावं, कुठलं झाड खोटं आहे ते दाखवावं. जे खोटं निघेल ते मी माझ्या हाताने पुसते. खरं आहे ते मात्र कुणालाच पुसू देणार नाही, तुम्हालाही नाही."

इंद्रसिंगने भिंत पहिल्यांदाच नीट बघितली. बोट एका नंबरावर ठेवलं. "ह्या साग मी वळखस," तो हळूच म्हणाला. आगीत तोही फांदी घेऊन झोडपत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने चुन्याचा डबा तिथेच ठेवला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोन गाड्या आल्या. पंचनामा लिहिणारे साहेब भिंत बघून लालबुंद झाले. मोठे साहेब चष्मा पुसून जवळ गेले आणि बराच वेळ वाचत राहिले.

"चित्र चांगलं आहे," ते म्हणाले. "पण चित्र हा पुरावा होत नाही, बाई. हे तुम्ही तुम्हाला हवं तसं काढू शकता."

"म्हणूनच नंबर घातलेत, साहेब. कुठल्याही झाडावर बोट ठेवा. आपण त्या झाडापाशी जाऊ. काठी तुमच्या माणसाने धरायची."

मोठ्या साहेबांनी तीन नंबर सांगितले. उन्हात दीड तास चढ चढून सगळे पहिल्या झाडापाशी पोचले. भिंतीवर होतं तेवढंच निघालं. दुसरंही जुळलं. तिसऱ्या झाडापाशी इंद्रसिंगने काठी लावली आणि पुन्हा लावून बघितली. भिंतीवर काळं खालच्या अंगाला उंच होतं, झाडावर ते वरच्या अंगाला होतं.

"बघा," पंचनाम्याचे साहेब म्हणाले. "हेच मी सांगत होतो. पोरखेळ."

गंगीबाईचा चेहरा पडला. ते झाड तिने मोजलं होतं. वहीत लिहिणाऱ्याला आकडे तिनेच सांगितले आणि घाईत दोन्ही अंगं उलटी सांगितली, हे तिला आता आठवलं. पण वहीत लिहिलेलं चुकलं असेल तर ते चुकलं आहे, एवढं एस्तेरला स्पष्ट होतं.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "खाली गेल्यावर दुरुस्त करते. पण साहेब, आता तीनवर थांबू नका. आणखी दहा घ्या. वीस घ्या. आमच्या किती चुका आहेत ते आम्हालाही कळू दे."

मोठ्या साहेबांनी पाणी मागवलं, बुटातला खडा काढला आणि खरंच आणखी बारा झाडं घेतली. बाराही जुळली. नंतर त्यांनी होळ्याचे पाच मोह पाहिले आणि शेवटी, कुणी न सांगता, ते घाटरस्त्याच्या वळणाकडे चालायला लागले. तीन दगडांपाशी उभं राहून त्यांनी बुटाने डांबराचा गोळा हलवून पाहिला. पंचनाम्याच्या साहेबांकडे वळून त्यांनी एकच विचारलं, "इथे तुम्ही आला होतात?"

खाली आल्यावर एस्तेरने त्या चुकलेल्या झाडावर इंद्रसिंगच्याच डब्यातला चुना मारला, काळं दुसऱ्या अंगाला चढवलं आणि खाली तारीख घालून 'दुरुस्त' असं लिहिलं. मोठे साहेब गाडीत बसायचे थांबले. त्यांनी त्या शब्दाचा मोबाइलवर फोटो काढला. फाल्गुनी नंतर म्हणाली की तिला विचाराल तर सबंध भिंतीवर सगळ्यांत वजनदार अक्षर तेच.

मे उजाडला. जंगलात पाऊस नव्हता, तरी टेमरूला तळातून तांबूस फुटवे आले, मग पळसाला, मग सागाला. पंधरा-पंधरा दिवसांनी रेषांवरून पुन्हा फेरी व्हायची. ज्या झाडाला फुटवा आला त्याला भिंतीवर एक हिरवं पान मिळायचं. हिरवा रंग फाल्गुनीने दुकानातून पाठवला. सहाशे चौदांपैकी चारशे एकतीस झाडांना पानं आली. दुसरीकडे बघत जाणारे लोक होळ्याच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. कुणी माफी वगैरे मागितली नाही, मोहाची भाजलेली फुलं मात्र प्रत्येकाने पुडीत बांधून आणली. होळ्याने त्यांना बराच वेळ तिष्ठत ठेवलं आणि मग खायला सुरुवात केली. एस्तेरच्या दोन मोहांपैकी एक वाचला. दुसऱ्याचा बुंधा पोकळ झाला होता, तो मेच्या वाऱ्यात पडला. भिंतीवर तिने तो पडलेलाच काढला.

महिन्याच्या शेवटी पत्र आलं. पुन्हा गाव जमलं, पुन्हा एस्तेरने वाचलं. होळ्या वेस्ता गावित यांचं नाव गुन्ह्यातून वगळण्यात आलं होतं. गावाचे हक्क कायम होते. झाडं तोडायचा आदेश मागे घेतला होता आणि फुटव्याची मोजणी गावाने चालू ठेवावी, असं लिहिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तिने शेवटची ओळ वाचली. आगीचे कारण : अज्ञात.

"अज्ञात म्हणजे?" नानीबाईने विचारलं.

"कुणाला माहीत नाही."

"आपल्याला तर माहीत आहे."

कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, आपलं माणूस सुटलं, हक्क राहिले, आता कशाला उकरून काढायचं. रस्त्याचा ठेका मोठ्या माणसाचा असतो. एकदोघांनी माना डोलवल्या. एस्तेरने पत्राची घडी करून समितीच्या फाइलमध्ये ठेवली, घरी गेली आणि रंगाचा डबा, मोठा ब्रश घेऊन समाजमंदिराच्या मागे आली. शिडी लावत होती तेवढ्यात कुणीतरी खालून ती धरली. होळ्या होता. नव्या कातडीच्या पायांवर अजून लंगडत चालायचा.

"पडशील," तो म्हणाला. "लिही तू. मी धरतो."

डोंगराच्या माथ्यावर, सहाशे चौदा रेघा जिथे जमल्या होत्या, तिथे एक मोकळी जागा होती. एस्तेरने त्या जागी जंगलातल्या कोळशाचा काळा रंग घेतला आणि वीतभर उंचीची अक्षरं घातली. इथे डांबर तापवत होते. त्याखाली तारीख आणि वार.

खालच्या रस्त्यावरून इंद्रसिंग चालला होता. त्याने गाडी थांबवली, चष्मा वर केला आणि एकेक अक्षर वाचलं.

"बाई, हाई पुसानं सांगतीन," तो म्हणाला.

"सांगू द्या. तुम्ही चुना घेऊन या, पाणीही देईन. तुमची पाठ वळली की मी पुन्हा लिहीन."

इंद्रसिंगने मान हलवली. हसला की नाही, ते वरून दिसलं नाही. त्याने गाडी पायथ्याकडे वळवली, कारण दुपारच्या फेरीत आज काठी धरायची पाळी त्याची होती.